सही कोणाची, तारीख कोणती?

(मृणाल गोरे यांच्या स्मृत्यर्थ गोरेगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



मृणालताईंच्या नावाने बोलायचं आणि तेही गोरेगावात, म्हणजे विषय शोधायला लांब जायला नको. मी आज सिद्धार्थनगरबद्दल बोलणार आहे. आपण कोणीच त्याला सिद्धार्थनगर म्हणत नाही, पत्राचाळ म्हणतो. रिक्षावाल्याला सिद्धार्थनगर सांगितलं तर तो मान वळवून बघतो, आणि पत्राचाळ म्हटलं की मीटर टाकतो.

उभ्या महाराष्ट्राला हे नाव कळलं 2022च्या पावसाळ्यात. एका खासदाराच्या भांडुपच्या घरी ईडी गेली, मध्यरात्रीनंतर अटक झाली आणि पुढचे तीन महिने ‘पत्राचाळ घोटाळा’ हे शब्द रोज टीव्हीच्या पट्टीवर सरकत राहिले. ज्या 672 कुटुंबांची ही चाळ, ती त्या पट्टीत नव्हती. मला आज त्या खासदारांबद्दल बोलायचं नाही. त्यांच्यावरचे आरोप सिद्ध झालेले नाहीत, आणि ते काम कोर्टाचं आहे. पण नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांना जामीन देताना विशेष न्यायालयाचे न्यायाधीश म. गो. देशपांडे यांनी जो आदेश लिहिला, त्यातली एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकून सोडून दिली. अटक बेकायदा ठरवली, त्याची बातमी मोठी झाली. पण त्याच आदेशात न्यायाधीशांनी विचारलं होतं की या व्यवहाराचे प्रमुख सूत्रधार म्हणून ज्यांची नावं तपास यंत्रणाच घेते, ते विकासक आणि म्हाडाचे त्या वेळचे अधिकारी, यांना यंत्रणेने हात का लावला नाही?

विकासकांचं नाव निदान लोकांना पाठ आहे. ‘म्हाडाचे त्या वेळचे अधिकारी’ म्हणजे कोण? त्यांना नाव नाही, चेहरा नाही, हुद्दासुद्धा नाही. माझं आजचं बोलणं त्या चार शब्दांभोवतीच आहे.

आधी हकिकत. थोडक्यात सांगतो, कारण या सभागृहात ती माझ्यापेक्षा जास्त माहीत असणारे बसले आहेत.

चाळीसहून अधिक एकर जमीन, ईडीच्या कागदांत तर 47 एकर. मालक म्हाडा. त्यावर पत्र्याच्या छपरांच्या बैठ्या चाळी, 672 भाडेकरू. 10 एप्रिल 2008 रोजी त्रिपक्षीय करार झाला. एक पक्ष रहिवाशांची सोसायटी, दुसरा म्हाडा, तिसरा गुरू आशीष कन्स्ट्रक्शन ही कंपनी, म्हणजे पर्यायाने एचडीआयएल. विकासकाने 672 जणांना घरं बांधून द्यायची, म्हाडाला तिच्या वाट्याची घरं द्यायची, आणि उरलेलं क्षेत्र विकून आपला खर्च व नफा काढायचा. कागदावर यात गैर काही नाही. मुंबईतले निम्मे पुनर्विकास याच गणितावर चालतात.

घडलं असं की घरं बांधायच्या आधी विक्री झाली. ईडीच्या आरोपानुसार विकासकाने या जमिनीचा एफएसआय नऊ बिल्डरांना विकून 901 कोटींहून अधिक रक्कम उभी केली, शिवाय ‘मेडोज’ नावाच्या प्रकल्पातल्या फ्लॅटांचं बुकिंग घेऊन 138 कोटी. बेरीज हजार कोटींच्या वर गेली. रहिवासी घरं खाली करून भाड्याने राहायला गेले होते. विकासकाकडून मिळणारं ते भाडं 2015च्या आसपास बंद पडलं. जुलै 2017 मध्ये युनियन बँकेच्या अर्जावर गुरू आशीष कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. 12 जानेवारी 2018 रोजी म्हाडाने करार रद्द केल्याची नोटीस काढली. मार्चमध्ये म्हाडाच्याच एका अभियंत्याच्या तक्रारीवरून आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. 2020 मध्ये निवृत्त मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली, 2021 मध्ये मंत्रिमंडळाने म्हाडामार्फत बांधकाम पुरं करायला मान्यता दिली, फेब्रुवारी 2022 मध्ये काम पुन्हा सुरू झालं आणि 2025 साली घरं ताब्यात येऊ लागली. 2008 ते 2025, सतरा वर्षं. करारावर सही करताना जे पन्नाशीत होते, ते घराची किल्ली घ्यायला आले असतील तर काठी टेकत आले. आणि सगळेच काही आले नाहीत.

या हकिकतीत मला सगळ्यात जास्त खुपतो तो 2015 ते 2017 हा मधला काळ. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्या काळात काही घडलंच नाही. आणि तेच तर सांगायचं आहे.

बघा. भाडं थांबलं. इमारती अर्धवट उभ्या. रहिवासी म्हाडाच्या कार्यालयात खेटे घालत होते. म्हणजे विकासक करार पाळत नाही हे म्हाडाला कळलं नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. जमीन म्हाडाची. करार रद्द करून जमीन परत घ्यायची, हा मालकाचा साधा हक्क. तो त्याच वेळी वापरला असता तर काय झालं असतं? दिवाळखोरी संहिता तेव्हा जन्मालाही आली नव्हती, ती मे 2016 ची. पण म्हाडाची नोटीस निघाली जानेवारी 2018 मध्ये, कंपनी दिवाळखोरीत दाखल झाल्यावर सहा महिन्यांनी. आता या संहितेचं कलम 14 असं सांगतं की कंपनी या प्रक्रियेत असेतोवर तिच्या ताब्यातली मालमत्ता मूळ मालकालासुद्धा परत घेता येत नाही. मग व्हायचं तेच झालं. कंपनीचा कारभार पाहणारे व्यावसायिक न्यायाधिकरणात गेले, तिथे हरले, अपिलात हरले, आणि 19 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकले. न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने सांगितलं की प्रक्रिया चालू असताना म्हाडाला ताबा मागता येणार नाही. म्हणजे जमीन म्हाडाची, भाडेकरू म्हाडाचे, कायद्याने स्थापन झालेलं प्राधिकरण म्हाडा, आणि स्वतःची जमीन परत मागायची तिलाच सोय उरली नाही. दिवाळखोरीच्या कायद्याच्या वकिलांमध्ये हा निकाल आज नेहमी उद्धृत होतो. ते तो कलम 14 साठी वाचतात. मी वाचतो तारखांसाठी. त्या तारखा एकाखाली एक लिहून काढल्या की त्यात एक रिकामा पट्टा दिसतो, भाडं बंद होण्यापासून नोटीस निघण्यापर्यंतचा. त्या पट्ट्यात कोणीतरी एका खुर्चीत बसलेलं होतं. त्याच्या टेबलावर फाइल होती. त्याने त्या फाइलवर काय लिहिलं?

बरं, या रिकाम्या पट्ट्यात एक गोष्ट मात्र घडली, आणि ती न घडती तर बरं झालं असतं. 2016 साली म्हाडाने याच सिद्धार्थनगरातल्या 306 घरांची सोडत काढली. मूळ रहिवाशांचं भाडं बंद, विकासक डबघाईला, आणि त्याच जमिनीवरच्या घरांसाठी मुंबईभरच्या लोकांकडून अर्ज घेऊन सोडत! ज्यांचा नंबर लागला त्यांनी पेढे वाटले असतील. मग त्यांचीही वर्षं वाट बघण्यात गेली. करार रद्द करण्याची वेळ येतेय की काय, अशी चर्चा एका विभागात आणि घरांच्या सोडतीची जाहिरात दुसऱ्या विभागात. हे दोन विभाग एकाच इमारतीत बसतात, वांद्र्याला, गृहनिर्माण भवनात.

फाइलवर काय लिहितात, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. माहितीच्या अधिकारात एका रखडलेल्या पुनर्विकासाची नस्ती मी पाहिली आहे, कोणत्या प्राधिकरणाची ते सांगत नाही. डाव्या बाजूला टिपणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. टिपणीची सुरुवात चांगली होती. कनिष्ठ अभियंत्याने सरळ लिहिलं होतं की विकासकाने पुनर्वसन इमारतीचं काम जोत्यापर्यंतही नेलेलं नाही, सबब विक्री घटकास पुढील परवानगी देऊ नये. खाली ‘आदेशार्थ सादर’. उपअभियंत्याची सही. कार्यकारी अभियंत्याने समासात हिरव्या शाईने एकच शब्द लिहिलेला, ‘चर्चा’. बस. चर्चा झाली की नाही, कोणाशी झाली, काय ठरलं, काही नाही. पुढच्या पानावर तीन महिन्यांनंतरची तारीख, भाषा बदललेली: ‘विकासकाच्या विनंतीस अनुसरून व चर्चेत ठरल्यानुसार टप्पानिहाय परवानगी देण्यास हरकत नसावी.’ कनिष्ठ अभियंता बदललेला. पहिल्या टिपणीचा उल्लेखसुद्धा नाही. पुढे नुसत्या सह्या, एकाखाली एक, लफ्फेदार, एकीचंही नाव वाचता येत नाही. शिक्का आहे, पण हुद्द्याचा. आता तुम्ही या सहीवाल्याला शोधा.

तो ‘चर्चा’ हा शब्द मी विसरू शकलेलो नाही. हजारो कोटींचे प्रकल्प त्या दोन अक्षरांवर फिरतात. त्या शब्दामागे काय झालं ते विचारायचा हक्क आपल्याला आहे का? आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ ज्यांना बसते त्यांना प्राधिकरणाने स्वतःहून दिली पाहिजेत. अर्ज करायचीही गरज नाही. कायदा 2005 चा. त्यातल्या या तरतुदीनुसार स्वतःहून कारणं कळवणारं पत्र आलेला एकही पुनर्विकासग्रस्त रहिवासी मला अजून भेटायचा आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. रखडलेल्या प्रकल्पात अधिकारी जबाबदार धरला जात नाही याचं कारण आपण नेहमी एकच देतो: सगळे मिळालेले असतात. असतीलही काही. पण सगळे स्वच्छ असले तरी आजच्या व्यवस्थेत जबाबदारी निश्चित होणं जवळपास अशक्य आहे, आणि त्याचं कारण आहे वेळ. उशीर हाच अधिकाऱ्याचा सगळ्यात मोठा वकील आहे, आणि हा वकील फी घेत नाही.

हिशेब मांडून दाखवतो. राज्याच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा. पत्राचाळीचा करार 2008 चा, रद्द होण्याची नोटीस 2018 ची. म्हणजे प्रत्येक खुर्चीवर या काळात किमान तीन-चार माणसं बसून गेली. पहिला म्हणतो, मी फक्त कराराचा मसुदा तपासला. दुसरा म्हणतो, करार आधीच झाला होता, मी अटींप्रमाणे परवानग्या दिल्या. तिसरा म्हणतो, मी आलो तेव्हा भाडं आधीच थकलेलं होतं. चौथा नोटीस काढतो आणि पेपरात त्याचं कौतुक होतं. चौघंही खोटं बोलत नाहीत, ही यातली गंमत.

आता समजा दहा वर्षांनी कोणी चिकाटीने पहिल्या दोघांचा माग काढला. ते निवृत्त झालेले असतात. महाराष्ट्र नागरी सेवेच्या 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांमध्ये नियम 27 आहे. त्यानुसार निवृत्त कर्मचाऱ्याविरुद्ध विभागीय चौकशी सुरू करायची तर ती घटना चौकशी सुरू होण्याआधीच्या चार वर्षांच्या आतली हवी. चार वर्षं! नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. म्हाताऱ्या माणसाला पंधरा वर्षांपूर्वीच्या कागदावरून छळू नये, हे समजण्यासारखं आहे. पण मुंबईत पुनर्विकासाची इमारत चार वर्षांत उभी राहत नाही, तिथे त्यातली चूक चार वर्षांत उघडी कशी पडणार? चूक झाली 2011 साली, आरडाओरड झाली 2018 साली, आणि मधे साहेबांचा निरोप समारंभ झालेला. मग फौजदारी मार्ग उरतो. त्याला ही चार वर्षांची मर्यादा आडवी येत नाही, पण तिथे 2018 सालापासून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम 17अ येऊन बसलंय. अधिकाऱ्याने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची नुसती चौकशी सुरू करायलाही आधी वरिष्ठांची मंजुरी. आणि खटला भरायचा झाला तर पुन्हा कलम 19 ची वेगळी मंजुरी. एकाच दरवाजाला दोन कुलपं, आणि किल्ल्या दोन्ही घरच्यांकडेच.

हे ऐकून कोणाला वाटेल की कायदेच नाहीत. तसं अजिबात नाही, उलट आपल्याकडे कायद्यांची रेलचेल आहे. महाराष्ट्रात 1971 पासून लोकायुक्तांचा कायदा आहे, देशात लोकायुक्त नेमणारं पहिलं राज्य आपलं. मघाशी ज्या 2005 च्या कायद्याचा उल्लेख केला त्याचाच दुसरा अर्धा भाग म्हणजे आपला दफ्तर दिरंगाईचा कायदा. त्यात लिहिलंय की कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर 45 दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. जाणूनबुजून उशीर केला तर शिस्तभंगाची कारवाई. वाचताना डोळ्यांत पाणी येतं, इतका सुंदर कायदा आहे. पण त्यात अपवाद आहेत, आणि पहिल्या काही अपवादांतच न्यायप्रविष्ट प्रकरणं बसतात. पुनर्विकासाचं कोणतं प्रकरण न्यायप्रविष्ट नसतं? कोणीतरी एक जण कोर्टात गेला की ‘मॅटर सबज्युडिस आहे’ हे वाक्य शिपायापासून सचिवापर्यंत सगळ्यांच्या तोंडी येतं. स्थगिती नसली तरी येतं. कोर्टाने ‘तुम्ही निर्णय घ्या’ असं सांगितलं असलं तरी येतं.

2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोरिवलीच्या एका झोपडपट्टी प्रकल्पाचा निकाल देताना झोपडपट्टी कायद्याखालच्या खटल्यांची मोजदाद मागवली. एकट्या मुंबई उच्च न्यायालयात 1,600 हून अधिक प्रकरणं पडून. तेव्हा न्यायालयाने उच्च न्यायालयाला सांगितलं की या कायद्याची अंमलबजावणी कशी चालली आहे याचंच परीक्षण करा. इमारतीचं ऑडिट होतं तसं कायद्याचं ऑडिट. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा फार मोलाचा आदेश आहे, आणि तो राज्याने नव्हे, कोर्टाने मागितला, यातच काय ते आलं.

अधिकाऱ्याच्या खिशापर्यंत पोचलेलं एक उदाहरण मात्र आहे, आणि ते जुनं आहे. 1993 साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एक साधा ग्राहक होता, ज्याला पैसे भरूनही घर वेळेत मिळालं नव्हतं. मनस्तापाबद्दल 10,000 रुपये भरपाई. रक्कम किरकोळ. पण न्या. सहाय यांनी असं लिहिलं की ही रक्कम शेवटी करदात्याच्या पैशातून जाते, म्हणून प्राधिकरणाने आधी भरपाई द्यावी, मग दिरंगाई कोणामुळे झाली ते निश्चित करावं आणि त्या अधिकाऱ्यांकडून ती वसूल करावी. एकाहून अधिक असतील तर वाट्याप्रमाणे. तीस वर्षं उलटून गेली. हा निकाल अजूनही कायदा आहे. पत्राचाळीचं अर्धवट बांधकाम शेवटी पुरं केलं ते म्हाडाने, म्हणजे सार्वजनिक संस्थेने. लखनौचा नियम लावून त्यातला एखादा रुपया तरी कोणाच्या पगारातून, पेन्शनमधून वसूल करायचा प्रयत्न व्हायला नको होता?

इथे मी थोडा थांबतो, कारण दुसरी बाजूही खरी आहे. माझे काही मित्र सरकारी सेवेत होते. ते म्हणतात, तुम्ही असंच बोलत राहिलात तर कोणी सहीच करणार नाही. निर्णय घेतला तर चौकशी, नाही घेतला तर काही नाही, मग शहाणा माणूस काय करेल? ‘चर्चा’ लिहील. हे त्यांचं म्हणणं मला पटतं. आपल्याकडे चुकीची सही करणारा अडकतो आणि सही टाळणारा निवृत्त होतो. म्हणून माझी मागणी अशी आहे की शिक्षा चुकीच्या निर्णयाला नको, न लिहिलेल्या कारणाला हवी. अधिकाऱ्याने विकासकाला मुदतवाढ दिली आणि कारण लिहिलं, भले ते कारण पुढे चुकीचं ठरलं, तर त्याला संरक्षण द्या. कारण न लिहिता दिली असेल तर मात्र त्याला सोडू नका. आणि न दिलेल्या निर्णयाचंही कारण लिहायला लावा. करार रद्द करायचा नाही असं ठरवलंत? ठरवा. पण का, ते तारखेसकट लिहा, खाली वाचता येईल असं नाव लिहा.

रहिवाशांचंही थोडं बोलू. त्रिपक्षीय करारात सोसायटीची सही असते. पुनर्विकास म्हटला की आपण पहिला प्रश्न विचारतो, किती चौरस फूट? दुसरा, कॉर्पस किती? भाडं बंद झालं तर करार कोणत्या कलमाखाली, किती दिवसांत, कोणी रद्द करायचा, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत क्वचितच येतो. जानेवारी 2009 मध्ये सहकार खात्याने सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. विकासकाने प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक हमी द्यायची, विकासाचे हक्क तिसऱ्याला हस्तांतरित करायचे नाहीत, सभेचं चित्रीकरण करायचं. पत्राचाळीच्या करारानंतर नऊ महिन्यांनी आलेल्या त्या सूचना वाचताना वाटतं, कोणीतरी पत्राचाळ डोळ्यांपुढे ठेवूनच लिहिल्या असाव्यात. पुढे कोर्टांनी त्या बंधनकारक नाहीत, मार्गदर्शक आहेत असं म्हटलं आणि बिल्डरांच्या वकिलांनी सुटकेचा श्वास सोडला. तेव्हा जे कायद्याने बंधनकारक नाही ते करारात लिहून बंधनकारक करून घेणं आपल्याच हातात आहे. आणि झोपडपट्टी प्राधिकरणाने 2023 मध्ये विकासकाकडून दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरून घ्यायचं ठरवलं, हे पाहता आगाऊ भाडं मागणं म्हणजे काही आगाऊपणा नव्हे.

मृणालताईंचा उल्लेख सुरुवातीला केला तो औपचारिकता म्हणून नाही. त्या पाण्यासाठी लढल्या म्हणून ‘पाणीवाली बाई’ झाल्या, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. पण घरांच्या बाबतीतलं त्यांचं काम विसरलं जातं. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा 1976 साली आला. जास्तीच्या जमिनीवर गरिबांसाठी घरं व्हावीत हा त्याचा हेतू, आणि त्यातल्या सवलतीच्या कलमाचा वापर करून जमिनी सुटत होत्या. ताई आणि बाबूराव सामंत त्या सवलतींच्या आदेशांच्या मागे लागले. कोणत्या जमिनीला, कोणत्या अटीवर, कोणी सूट दिली? नागरी निवारा परिषदेमार्फत दिंडोशीला सहा हजारांवर घरं उभी राहिली ती याच पाठपुराव्यातून. आणि हेच बाबूराव सामंत सिमेंटच्या वाटपाचा विषय घेऊन उच्च न्यायालयात गेले. जानेवारी 1982 मध्ये न्या. लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुल्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. ते प्रकरण उभं राहिलं कशावर? सिमेंट कोणत्या बिल्डरला कधी मिळालं आणि त्याने अंतुल्यांच्या प्रतिष्ठानला देणगी कधी दिली, या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, एवढ्यावर. भाषणांनी मुख्यमंत्री गेले नाहीत, तारखांनी गेले. पुन्हा, त्या वेळी बोलायला वेळ उरलेला होता. आदेशांची शाई वाळायच्या आत प्रश्न विचारले गेले. माणसं खुर्चीत होती.

म्हणूनच आज मला पत्राचाळीपेक्षा तिच्या शेजाऱ्याची काळजी जास्त वाटते. मोतीलाल नगर. 143 एकर, सुमारे 3,700 गाळेधारक, अंदाजे 36,000 कोटींचा प्रकल्प. जमीन म्हाडाची, प्राधिकरण तेच, उपनगर तेच, पत्राचाळीच्या काही पट मोठा पसारा. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने हिरवा कंदील दाखवला आणि जुलैत अदानी समूहाच्या कंपनीबरोबर करार झाला. सात वर्षांत पूर्ण करायचं आहे, निवासी गाळ्याला 1,600 चौरस फूट मिळणार आहेत. मी या प्रकल्पाच्या विरोधात नाही. बैठ्या घरांत पावसाचं पाणी शिरतं, लोकांना नवी घरं हवी आहेत आणि ती मिळायला हवीत. विकासक मोठा आहे, बुडणार नाही, असं लोक म्हणतात. 2008 साली एचडीआयएलबद्दलही शेअर बाजार हेच म्हणत होता.

तेव्हा समोर मोतीलाल नगरमधले जे बसले असतील त्यांना सांगतो, सात वर्षं थांबून प्रश्न विचारू नका. पुनर्वसनाच्या पहिल्या इमारतीची तारीख कोणती, आणि ती चुकली तर विक्रीच्या इमारतीची परवानगी कोणता अधिकारी अडवणार, त्याचा हुद्दा काय? भाडं एक महिना थकलं तर नोटीस कोण काढणार, किती दिवसांत? वाट्याच्या घरांची सोडत प्राधिकरण कोणत्या टप्प्यानंतर काढणार? हे सगळं करारात असेल तर करार मागा. नसेल तर लेखी उत्तर मागा. अधिकाऱ्याची बदली होईल तेव्हा नव्या अधिकाऱ्याला तेच पत्र पुन्हा द्या, आवक क्रमांक घ्या, म्हणजे ‘मला हे माहीत नव्हतं’ म्हणायची सोय त्याला राहणार नाही. चार वर्षांचा नियम लक्षात ठेवा आणि जे साहेब दोन वर्षांत निवृत्त होणार असतील, त्यांच्या सहीवर आजच नजर ठेवा. महापालिकेतल्या परवानग्यांची नस्ती पाहायला तर अर्जाचीही गरज नाही. नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात ती नागरिकांना पाहायला खुली असते. दोघं-तिघं मिळून जा, एकाने वाचायचं, एकाने उतरवून घ्यायचं. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, पुढच्या सोमवारी या’ असं सांगितलं तर पुढच्या सोमवारी जा, आणि गेल्या सोमवारी कोणी परत पाठवलं तेही त्याच वहीत लिहून ठेवा.

माझी वेळ संपत आली आहे आणि अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहायला सुरुवात केली आहे. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे. पहिला प्रश्न पत्राचाळीतल्या रहिवाशांपैकी कोणी विचारला तर बरं होईल.